नडगीचं दुखणं आणि ११४ दिवस

२० जूनला मी सलग वीस मिनिटं धावले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठून पहिली दहा पावलं टाकली आणि डावी नडगी दुखली नाही. २६ फेब्रुवारीला धावणं बंद केलं होतं, तिथपासून २० जूनपर्यंत मोजले तर ११४ दिवस. या दिवसांत कितीतरी रात्री मी फोनवर शोधत बसले की हे दुखणं नेमकं किती काळ चालतं. ‘विश्रांती घ्या, बर्फ लावा’ एवढं सगळीकडे सापडलं. पण एखाद्या साध्या, नव्याने धावायला लागलेल्या माणसाने तारखांसकट लिहिलेलं काही हाती लागलं नाही. ते असतं तर मला फार धीर आला असता, म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही. माझ्या पायाचं जे झालं आणि जाणकारांनी मला जे समजावलं, तेवढंच यात आहे.

मी ४३ वर्षांची आहे. दोन वर्षं रोज चाळीस मिनिटं चालत होते, त्यामुळे पाय तयार आहेत असा माझा समज होता. ४ जानेवारीला धावायला सुरुवात केली. एक मिनिट धावायचं, दीड मिनिट चालायचं, असा नऊ आठवड्यांचा चढता कार्यक्रम होता. पहिल्या आठवड्यात धाप लागायची, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी लागेनाशी झाली. मग हळू जाण्यात काय अर्थ, म्हणून मी तिसरा आठवडा गाळला. पुढे पाचवाही गाळला. जानेवारी संपायच्या आत मी आठवड्यातून पाच दिवस पंचवीस मिनिटं सलग धावत होते आणि उरलेल्या दोन दिवशी झपाझप चालत होते. म्हणजे पायाला सुट्टी एकाही दिवशी नव्हती. १९ एप्रिलच्या दहा किलोमीटरच्या स्पर्धेत नावही नोंदवून टाकलं. खूप वर्षांनी स्वतःच्या शरीराचा इतका आनंद वाटत होता, हेही खरं.

२ फेब्रुवारीला पहिल्यांदा दुखलं. डाव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या हाडापासून चार-पाच बोटं वर. धावायला लागल्यावर सुरुवातीची दहा मिनिटं ठणकायचं, मग अंग गरम झालं की नाहीसं व्हायचं. नाहीसं होतंय म्हणजे काळजीचं कारण नाही, असं मी धरून चालले. हे दुखणं सुरुवातीला असंच वागतं हे मला माहीत नव्हतं. आधी फक्त सुरुवातीला दुखतं, मग धावून झाल्यावरही दुखायला लागतं, मग धावताना पूर्ण वेळ, आणि शेवटी जिना उतरतानाही. मी या सगळ्या पायऱ्या सतरा दिवसांत चढले.

त्या सतरा दिवसांत दोन चुका केल्या. पहिली चूक मालिशची. दुखतंय तिथेच, म्हणजे थेट हाडाच्या कडेवर, अंगठ्याने जोर लावून रगडत होते. आधीच चिडलेल्या हाडाच्या आवरणाला मी रोज रात्री आणखी चिडवत होते. मालिश करायचीच तर पोटरीच्या मांसल भागाला, हाडापासून दूर. दुसरी चूक जास्त गंभीर. १६ फेब्रुवारीला वेदनाशामक गोळी घेऊन सात किलोमीटर धावले. तोवरचं माझं सगळ्यात लांब अंतर. धावताना काहीच जाणवलं नाही, आणि घोळ तिथेच झाला. गोळीने दुखणं झाकलं, पण हाडावर पडणारा मार होता तेवढाच राहिला. १९ फेब्रुवारीच्या सकाळी स्वयंपाकघरापर्यंत जाताना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

२० तारखेला अस्थिरोगतज्ज्ञांकडे फोन केला, भेट मिळाली २६ ची. या सहा दिवसांत मी एक काम बरं केलं, ते सांगते. वहीच्या एका पानावर सगळं लिहून काढलं: कधीपासून धावतेय, आठवड्याला किती, दुखणं कधी सुरू झालं, कशाने वाढतं, कोणत्या गोळ्या घेतल्या, बूट किती जुने. दवाखान्यात बसल्यावर निम्मं विसरायला होतं. डॉक्टरांनी ते पान हातात घेऊन वाचलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “चौथ्या आठवड्यात पाच दिवस? मधे सुट्टी कुठे?”

तपासणी साधी होती, पण मी ती कायम लक्षात ठेवणार आहे. त्यांनी मला पलंगावर पाय लांब करून बसवलं आणि घोट्यापासून वर, नडगीच्या आतल्या कडेवर अंगठ्याने दोन-दोन सेंटीमीटरवर दाबत गेले. दुखायला लागलं तिथे बॉलपेनने आडवी रेघ मारली, दुखायचं थांबलं तिथे दुसरी. मग पट्टी लावून मोजलं. ११ सेंटीमीटर. म्हणाले, दुखणं असं पाच सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त लांबीत पसरलेलं असेल, तर ते बहुधा शिन स्प्लिंट्स. वैद्यकीय नाव मेडियल टिबियल स्ट्रेस सिंड्रोम. पण बोटाच्या टोकाने दाखवता येईल एवढ्या एकाच जागी कळ येत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरचा, म्हणजे वारंवार ताण पडून हाडाला गेलेल्या बारीक भेगेचा, संशय घ्यावा लागतो. माझी पंचाईत अशी की दोन्ही होतं. अकरा सेंटीमीटरभर दुखत होतंच, पण त्यातल्या एका ठिकाणी दाबलं की मी पाय मागे ओढत होते. एका पायावर उडी मारून दाखवायला सांगितलं, तीही मारवेना.

त्यांनी बरेच प्रश्न विचारले. रात्री झोपेत दुखतं का? धावताना ठरावीक मिनिटांनी पाय दगडासारखा घट्ट होतो का, तळपायाला मुंग्या येतात का, आणि थांबल्यावर थोड्या वेळात सगळं उतरतं का? तसं असेल तर ते वेगळं दुखणं, स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढण्याचं, आणि त्याचे उपायही वेगळे. पोटरी सुजून गरम, लाल झाली होती का? तसं झालं तर एक दिवसही थांबायचं नाही, रक्तवाहिनीत गुठळी असू शकते. पाळी नियमित आहे का, जेवण कमी केलंय का, हेही विचारलं. मी जरा संकोचले. धावण्याबरोबरच मी डिसेंबरपासून वजन उतरवायला जेवण जवळपास निम्मं केलं होतं. नडगीचा आणि ताटाचा काय संबंध, असं मला वाटलं होतं. संबंध मोठा आहे. खर्च वाढवून आवक कमी केली की शरीर हाडाच्या डागडुजीत काटकसर करतं. ड जीवनसत्त्वाची तपासणी तेव्हाच लिहून दिली. ते कमी निघालं आणि त्याचा औषधोपचार सुरू झाला.

एक्स-रे त्याच दिवशी काढला, स्वच्छ आला. मला हायसं वाटलं, पण डॉक्टरांनी लगेच सांगितलं की सुरुवातीच्या काही आठवड्यांत स्ट्रेस फ्रॅक्चर एक्स-रेत दिसतच नाही असं पुष्कळदा होतं. ती एक जागा जास्त दुखतेय म्हणून एमआरआय करून घेऊ. तोवर धावणं पूर्ण बंद. चालणं दुखणार नाही इतकंच.

आता कागदपत्रांबद्दल, कारण इथे माझे बरेच दिवस गेले. एमआरआयच्या चिठ्ठीवर घाईत फक्त ‘डावा पाय दुखतो’ एवढंच लिहिलं गेलं होतं. विम्याच्या पूर्वमंजुरीसाठी ती पाठवली आणि तीन दिवसांनी परत आली, तपासणीचं कारण स्पष्ट नाही म्हणून. पुन्हा दवाखान्यात जाऊन नवी चिठ्ठी घेतली. तिच्यावर कोणता पाय, नेमकी कोणती जागा, कधीपासून, एक्स-रेचा निष्कर्ष काय आणि संशय कशाचा हे पाचही मुद्दे होते. ती दोन दिवसांत मंजूर झाली. तेव्हा चिठ्ठी हातात पडली की तिथेच उभं राहून वाचा आणि काही राहिलं असेल तर लगेच लिहून घ्या. मूळ चिठ्ठी आपल्याकडे ठेवा, सगळीकडे प्रत द्या. एक्स-रेची आणि एमआरआयची चित्रं, नुसता अहवाल नव्हे, मागून घ्या. फिजिओथेरपिस्टनी (पुढे नुसतं फिजिओ म्हणेन) माझ्याकडे नंतर तीच मागितली.

एमआरआय ९ मार्चला झाला. अर्जात पेसमेकर, शरीरातले धातूचे तुकडे किंवा प्लेट, गरोदरपण यांबद्दल प्रश्न होते. मला बंद जागेची भीती वाटते, त्यामुळे आदल्या रात्री झोप लागली नव्हती. पण नडगीच्या तपासणीत पाय आधी आत जातात, माझं डोकं पूर्ण वेळ बाहेर होतं. आवाज मोठा येतो, कानाला झाकण देतात. पाऊण तास धरून जा आणि आधी लघवीला जाऊन या.

१२ तारखेला अहवाल आला. हाडाच्या आवरणाला सूज, आतल्या मज्जेतही थोडी सूज, पण भेगेची रेघ नाही. या सुजेच्या चार पायऱ्या मानतात, पहिली सगळ्यात सौम्य आणि चौथीत प्रत्यक्ष भेग दिसते. माझी दुसरी होती. डॉक्टर म्हणाले, “वेळेत आलात. अजून दोन आठवडे गोळ्या खाऊन धावला असता, तर गोष्ट वेगळी झाली असती.” धावणं किमान आणखी सहा आठवडे बंद. मी कॅलेंडर पाहिलं. १९ एप्रिल सहा आठवड्यांच्या आतच होती.

बाहेर येऊन जिन्यात बसून रडले. दहा किलोमीटर धावता येणार नाही याचं वाईट वाटत होतं, आणि कोणाचा जीव थोडाच जातोय असं स्वतःला समजावूनही ते कमी होत नव्हतं. घरच्यांनाही नीट कळत नव्हतं. मुलगा म्हणाला, “आई, नाही धावलीस तर काय होतं?” त्याचं बरोबर होतं आणि माझंही. स्पर्धेची नियमावली काढून वाचली. पैसे परत नव्हते, पण वैद्यकीय दाखला दिला तर पुढच्या वर्षी नाव वळवता येत होतं, मुदत ३१ मार्च. दाखल्यावर नोंदणी क्रमांक आणि ‘धावण्यास मनाई’ असे शब्द हवे होते. तो ई-मेलने पाठवला, आठ दिवसांनी होकार आला. तुमच्यावर अशी वेळ आली तर ‘बघू, बरं वाटेल’ म्हणत मुदत घालवू नका. एकदा नाव वळवल्यावर माझ्या मनावरचा तारखेचा फास सुटला. बरी होण्याची खरी सुरुवात मी त्या दिवसापासून धरते.

१५ मार्चला फिजिओथेरपिस्टकडे पहिल्यांदा गेले. साठीच्या आसपासच्या, सावकाश बोलणाऱ्या बाई. त्यांनी जे समजावलं ते मला जानेवारीत कोणी सांगितलं असतं तर, असं आजही वाटतं. हाडावर नवा भार रोज पडू लागला की शरीर आधी तिथलं जुनं हाड थोडं खरवडून काढतं आणि मग त्या जागी जास्त मजबूत हाड भरतं. खरवडणं लवकर होतं, भरायला वेळ लागतो. पूर्ण फेरा व्हायला तीन-चार महिने जातात. म्हणजे धावायला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला हाड आधीपेक्षा थोडं कमजोरच असतं. दम मात्र तोवर चांगला वाढलेला असतो. “जुना गिलावा खरवडलाय, नवा अजून ओला आहे, आणि तुम्ही त्याच भिंतीत रोज खिळे ठोकताय,” त्या म्हणाल्या. मी धापेवरून ठरवत होते की शरीर तयार झालंय. हाडाला धाप लागत नाही. ते बोलतं दुसऱ्या दिवशी सकाळी.

म्हणून त्यांनी मला सकाळच्या पहिल्या दहा पावलांची सवय लावली. उठल्यावर, काही हालचाल करायच्या आत, अनवाणी दहा पावलं चालायचं आणि शून्य ते दहामध्ये दुखण्याला आकडा द्यायचा. तो वहीत लिहायचा. व्यायाम करताना किती दुखलं त्यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा. शून्य-एक असेल तर कालचं काम पायाला झेपलं. दोन असेल तर आज तेवढंच, वाढ नाही. तीन किंवा वर असेल तर काल जास्त झालं. या वहीने मला जितकं शिकवलं तितकं दुसऱ्या कशानेही नाही. शिवाय दर आठवड्याला मी अंगठ्याने दाबत, पेनाने रेघा मारत दुखण्याची लांबी मोजायचे. २६ फेब्रुवारीला ११ सेंटीमीटर, १५ मार्चला ९, ५ एप्रिलला ४. मन खचायचं तेव्हा हे आकडे बघायचे. रोजच्या रोज काही फरक वाटत नसतो, पट्टीवर मात्र दिसतो.

पहिल्याच भेटीत त्यांनी एका पायावर टाचा उचलायला लावल्या. उजव्यावर १७ झाल्या, डाव्यावर ९. त्यांना दोन्हींवर २५ हव्या होत्या. पोटरीच्या खालच्या थरात सोलियस नावाचा स्नायू असतो. धावताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो म्हणे. तो दमला की प्रत्येक पावलाचा धक्का आणि वाक हाडाला सोसावा लागतो. त्यामुळे टाचा दोन प्रकारे उचलायच्या होत्या: गुडघा सरळ ठेवून, आणि गुडघा वाकवून. सोलियसला खरं काम गुडघा वाकवल्यावर पडतं आणि लोक नेमकं तेच सोडतात. आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर, मग पाठीवर पुस्तकांनी भरलेली पिशवी घेऊन. वर जाताना दोन अंक, खाली येताना तीन. जोडीला भिंतीला पाठ टेकून, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून चवडे उचलायचे, कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा आणि पाठीवर झोपून कंबर उचलायची. एक दिवसाआड, पंचवीस मिनिटं. कंटाळवाणं आहे. मी दात घासताना सरळ गुडघ्याच्या टाचा उरकायचे, तेवढंच ओझं हलकं.

धावणं नाही म्हणून दम जाईल ही भीती होती. त्याला उत्तर सायकल. १८ मार्चपासून जागेवरची सायकल अर्धा तास, एक दिवसाआड. नडगीला आपटण नाही, त्यामुळे सकाळचा आकडा वाढला नाही. पोहता येणाऱ्यांसाठी खोल पाण्यात पट्टा बांधून धावणंही चालतं. मला पोहता येत नाही.

मार्चअखेर एक नवीच गोष्ट उद्भवली. ही फक्त चालणाऱ्यांच्या कामाची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. चालायची परवानगी वाढली तशी मी धावण्याची कसर चालण्यात भरून काढायला लागले. लांब ढांगा टाकत, शक्य तितक्या वेगात. चारच दिवसांत दोन्ही नडग्यांच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला जळजळ सुरू झाली. आतल्या कडेला नव्हे, बाहेर, जिथे स्नायू हाताला लागतो तिथे. मला वाटलं आता दुसऱ्या पायालाही तेच झालं. फिजिओंनी मला दहा पावलं चालायला लावलं आणि सांगितलं, हे वेगळं आहे. पाऊल उचलताना चवडा वर ओढणारा आणि टाच टेकल्यावर तो हळू खाली सोडणारा स्नायू नडगीच्या पुढे असतो. ढांग जितकी लांब, टाच जितकी पुढे आपटते, तितकं त्याला जास्त काम. चढ-उतारावर आणखी. उपाय साधा निघाला: वेग तोच ठेवायचा असेल तर पावलं आखूड आणि भरभर टाकायची, पहिली दहा मिनिटं रमतगमत चालायचं, आणि ते चवडे उचलण्याचे व्यायाम चुकवायचे नाहीत. आठवड्याभरात थांबलं. तेव्हा ‘मी तर धावतच नाही, मला कसं होईल’ असं चालणाऱ्यांनी समजू नये. फार भरभर, एकदम जास्त, कडक रस्त्यावर चाललं तर होतं.

बूट. माझे चालण्याचेच होते, दोन वर्षं रोज वापरलेले. किलोमीटर मांडले तर हजारच्या कितीतरी पुढे. धावण्याचे बूट साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरमध्ये बदलावेत असं म्हणतात. माझ्या डाव्या बुटाची आतली कड बोटाने दाबली की चेपायची. नवे घेतले ते तीन जोड घालून, दुकानातच थोडं धावून पाहून, जे पायात असल्याचं विसरायला झालं ते. दुपारनंतर जावं, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. पण नव्या बुटांनी दुखणं बरं झालं असं मी म्हणणार नाही. खर्चाचा क्रम सांगायचा तर सगळ्यात जास्त एमआरआयचा, मग बूट, मग फिजिओंच्या सहा भेटी. आणि रात्री घाबरून मागवलेल्या तीन वस्तू: पोटरीवरचे घट्ट मोजे, मालिशचं यंत्र, जेलचे तळवे. मोजे घातल्यावर ऊबदार वाटायचं, बाकी फरक कळला नाही. त्या पैशात आणखी दोनदा फिजिओंकडे जाता आलं असतं. बर्फ मात्र कामाला आला, कापडात गुंडाळून पंधरा मिनिटं, सुरुवातीच्या दिवसांत. तो दुखणं शमवतो, हाड भरून आणत नाही.

१९ एप्रिलला मी स्पर्धेला गेले, पण सातव्या किलोमीटरवर पाण्याच्या टेबलामागे उभी राहायला. जावं की नाही यावर बराच विचार केला होता. गेले ते बरं झालं. साडेतीन तासांत शेकडो पाय जवळून पाहिले. एक मुलगी टेबलाशी थांबून वाकली आणि डाव्या नडगीच्या आतली कड दोन्ही हातांनी दाबून धरली. मी काही विचारायच्या आत म्हणाली, “गोळी घेतलीय, लागू पडेल आता.” मी तिला पाणी दिलं आणि माझा पाय दाखवला, त्यावर आदल्या संध्याकाळच्या पेनाच्या रेघेची पुसट खूण होती. दोन मिनिटं बोललो. ती चालत पुढे गेली, धावत नाही गेली.

त्याच आठवड्यात दाबल्यावर दुखणं शून्य झालं. सात दिवस अर्धा तास चालून सकाळचा आकडा शून्य, डाव्या पायावर दहा उड्या न दुखता, आणि एका पायावर टाचा २२. या तिन्ही अटी पूर्ण झाल्यावर २२ एप्रिलला धावायची परवानगी मिळाली. पाच मिनिटं चालणं, मग एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं असं सहा वेळा. एकूण धावणं सहा मिनिटं! एक दिवसाआड, सपाट जागी. तीन सकाळी स्वच्छ गेल्या की पुढची पायरी. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: आधी वेळ, वेग सगळ्यात शेवटी, उतार त्याहूनही नंतर.

आणि तरी ९ मे उजाडला. तीन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं इथवर पोचले होते. एक जुनी मैत्रीण सोबत आली, गप्पा रंगल्या, तिच्या वेगाने धावले, आणि रस्ता शेवटी उताराचा होता. धावताना एकदाही दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच पावलाला आकडा ४, आणि पट्टीवर पुन्हा ३ सेंटीमीटर. सगळं पहिल्यापासून करावं लागणार या विचाराने हातपाय गळाले. फिजिओंना फोन केला, त्या शांतपणे म्हणाल्या, “पहिल्यापासून नाही, दोन पायऱ्या खाली. पाच दिवस फक्त चाला आणि वही लिहा.” पाचव्या दिवशी आकडा शून्यावर आला. आधी हे दुखणं शून्यावर यायला कितीतरी आठवडे लागले होते. थांबायला सतरा दिवस लावणं आणि एका दिवसात थांबणं यातला फरक असा दिसतो.

त्यानंतरच्या भेटीत त्यांनी माझं धावणं बाजूने चित्रित केलं. मिनिटाला १५४ पावलं पडत होती आणि टाच गुडघ्याच्या बरीच पुढे आपटत होती. पावलं पाचेक टक्क्यांनी वाढवायची, म्हणजे साधारण १६२. वेग तोच, ढांग आखूड. फोनवर ठोके वाजवणारं ॲप लावून सराव केला. पहिले चार-पाच दिवस पोटऱ्या भरून आल्या, म्हणून तेवढे दिवस वेळ वाढवली नाही. मग पायांचा आवाज कमी झाला. धप-धप जाऊन टप-टप यायला लागलं. हा बदल कानांनी कळतो.

जूनमध्ये मी एका अभ्यासाबद्दल वाचलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेला. याच दुखण्याच्या ७४ खेळाडूंचे तीन गट केले होते: एकाला फक्त टप्प्याटप्प्याने धावणं, दुसऱ्याला त्याबरोबर ताणाचे आणि ताकदीचे व्यायाम, तिसऱ्याला त्याच धावण्याबरोबर घट्ट मोजे. जोरात सलग १८ मिनिटं धावता यायला तिन्ही गटांना सरासरी १०२ ते ११८ दिवस लागले, फारसा फरक नाही. ते वाचून मी वहीतले दिवस मोजले आणि खूप मोकळं वाटलं. मी आळशी नव्हते, माझं शरीर कमकुवत नव्हतं. याला एवढाच वेळ लागतो. व्यायाम मी सोडले नाहीत, कारण टाचा ९ वरून २५ झाल्यावर माझा पाय जिन्यात, रस्त्यावर, सगळीकडे वेगळा लागतो हे मला जाणवतं.

आता सप्टेंबर आहे. आठवड्यातून तीन दिवस धावते, अर्धा तास. दोन दिवस टाचांचे व्यायाम. दर चौथ्या आठवड्याला धावणं मुद्दाम कमी करते. रस्ता एका बाजूला उतरता असतो, म्हणून जाताना-येताना बाजू बदलते. बुटांचे किलोमीटर वहीच्या शेवटच्या पानावर लिहिते, काल २१४ झाले. जेवण पोटभर आहे. पुढच्या एप्रिलच्या स्पर्धेची तयारी नोव्हेंबरपासून, म्हणजे हाडाला हवे तेवढे महिने हाताशी ठेवून, करायची असं ठरलंय.

परवा रात्री त्याच मैत्रिणीचा फोन आला. मला पाहून तिनेही वेळ वाढवली होती. नडगी आतून ठणकते, पण दहा मिनिटांनी थांबते म्हणाली. मी तिला फोन चालू ठेवून पेन आणि पट्टी आणायला सांगितलं. घोट्यापासून वर दाबत जा, कुठे सुरू होतं, कुठे थांबतं, तिथे रेघ मार. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सात सेंटीमीटर. एकाच जागी जास्त असं नाही गं.” आज सकाळी तिने पहिल्या दहा पावलांचा आकडा पाठवला: २. ती धावायला गेली नाही.